त्रास: निरंक

१२ जानेवारी, रविवार

ऑफिसात दर वर्षी मला एक डायरी मिळते आणि वर्षभर ती फ्रिजवर धूळ खात पडते. या वर्षी लिहायचं ठरवलंय. कारण आज संध्याकाळी साडेआठ वाजता स्पृहाला पहिलं इंजेक्शन दिलं. मी दिलं, माझ्या हाताने.

स्पृहा माझी एकुलती एक. बारा पूर्ण, सातवीत, उंची १२७.२ सेंटिमीटर. शाळेत प्रार्थनेची रांग उंचीप्रमाणे लावतात आणि बालवाडीपासून ही त्यात पहिली. 'वाढेल हो, घाई काय' असं सगळे म्हणत राहिले आणि मीही मूर्खासारखी ऐकत राहिले. शेवटी डिसेंबरात तिला दिवसभर दवाखान्यात बसवून पुन्हा पुन्हा रक्त काढलं तेव्हा कळलं, की वाढीचं हार्मोन तिच्या अंगात जेमतेम तयार होतं. आता ते बाहेरून द्यायचं. प्रयोगशाळेत बनवलेलं, हुबेहूब तसंच. आठवड्यातून सहा दिवस, पेनासारख्या सुईतून. पेन फ्रिजच्या दारात लोणच्याशेजारी.

डॉ. राजनंदिनी मॅडम मुलांच्या हार्मोनच्या डॉक्टर. माझ्याहून दहा वर्षांनी लहान, पण बोलणं मुख्याध्यापिकेचं. त्यांनी संमतीचा कागद सगळा वाचून दाखवला. डोकं सारखं दुखलं, उलट्या झाल्या, दिसायला धूसर झालं, मांडी-गुडघा दुखून मुलगी लंगडली, तर त्याच दिवशी फोन करायचा, वाट बघायची नाही. मी सही केली. मग त्यांनी सांगितलं ते मात्र डोक्यात घट्ट बसलं. हाडांची टोकं एकदा जुळली की कितीही हार्मोन द्या, उपयोग शून्य. स्पृहाकडे फार तर पावणेदोन वर्षं आहेत.

एक तक्ता दिलाय. तारीख, डोस, कुठे टोचलं, आणि शेवटचा रकाना 'त्रास'. दर आठवड्याला फोटो काढून पाठवायचा. तक्ते भरण्यात माझा हात कोण धरणार? एकोणीस वर्षं सरकारी कचेरीत तेच करतेय.

सुई हातात घेतली आणि सूचनांचा कागद पुन्हा पहिल्यापासून वाचायला लागले. स्पृहा म्हणाली, "आई, टोच ना. मांडी गार पडली माझी."

१६ जानेवारी, गुरुवार

सासूबाईंना, म्हणजे कुसुमताईंना, हे पसंत नाही. 'धडधाकट पोरीला रोज सुया कशाला? गोड दिसते की.' त्यांना बोलायला काय जातंय. त्या स्वतः पाच फूट चार, त्यांचा मुलगा सलिल पाच फूट नऊ. मी चार फूट आठ. माझ्या साखरपुड्याच्या फोटोत मी पाटावर उभी आहे आणि पाट दिसू नये म्हणून पुढे निऱ्या पसरल्यात. सलिलची मावशी तेव्हा सगळ्यांदेखत म्हणाली होती, मुलगी बसलेलीच बरी दिसते. लोक हसले. मीही हसले. अजून कधी कधी भांडी घासताना ते आठवतं आणि कानशिलं तापतात.

स्पृहाच्या वाट्याला ते नको. बस्स, एवढंच मागणं आहे माझं.

ती स्वतः मात्र निवांत. आज विचारलं, रांगेत पहिलं उभं राहताना वाईट वाटतं का गं? तर म्हणते, "छे. पुढे कोणी नसतं, सगळं दिसतं."

२७ फेब्रुवारी, गुरुवार

दोन दिवस उजवी मांडी दुखते म्हणते, जिना उतरताना किंचित लंगडली. मी इमानदारीत तक्त्यात लिहिलं आणि मॅडमना फोन केला. त्यांनी इंजेक्शन तिथल्या तिथे बंद केलं. कधी कधी खुब्याचं हाड सरकतं म्हणे. आधी एक्स-रे, मग हाडांचे डॉक्टर, मग एमआरआयची तारीख मिळेल तेव्हा.

२२ मार्च, शनिवार

हाडाला काही झालेलं नव्हतं. लंगडीच्या सामन्यात पडली होती आणि मला सांगितलं नव्हतं. झालं! चोवीस दिवस वाया गेले. पावणेदोन वर्षांतले चोवीस.

त्या चोवीस दिवसांत मी काय केलं तेही लिहून ठेवते. ऑफिसातल्या एकाने सांगितलं, वाघोलीला एका जिममध्ये हेच इंजेक्शन मिळतं, चिठ्ठी-बिठ्ठी लागत नाही, दंड फुगवायला पोरं घेतात. मी गेले. दोन बस बदलून गेले. तिथल्या माणसाने थर्मासमधून बाटली काढली. बर्फ वितळलेला, लेबल सुटून पाण्यात तरंगत होतं. त्याच पावली परत आले. फ्रिजमधलं पेन आधीच संपलं होतं आणि मेडिकलवाल्याने नव्या चिठ्ठीशिवाय दुसरं दिलं नव्हतं, तेव्हा त्याचा राग आला होता. परत येताना त्याचं पटलं. मी नियमाने चालणारी बाई आहे. मुलीला असलं काहीबाही टोचणार नाही.

पण एक शिकले. आमच्या कचेरीत दर महिन्याला वर माहिती जाते. प्रलंबित तक्रारी: निरंक, म्हणजे एकही नाही. न्यायालयीन प्रकरणे: निरंक. मी नवीन होते तेव्हा एका तक्रारीचं खरंखुरं लिहिलं होतं, तर तीन महिने खुलासे देत बसले. साहेब म्हणाले होते, बाई, निरंक लिहिलं की वरून प्रश्न येत नाहीत. तेव्हापासून मी रकाना बघायच्या आधीच निरंक लिहिते.

आज तक्त्यात पुन्हा सुरुवात केली. त्रास: निरंक.

१० जुलै, गुरुवार

सहा महिन्यांत ३.१ सेंटिमीटर. १३०.३. मॅडमना जास्तीची अपेक्षा होती. मला तर रडूच आलं, तिथेच, त्यांच्या टेबलासमोर. त्यांनी पाणी दिलं आणि डोस वाढवला. डोकेदुखीचं, उलट्यांचं पुन्हा बजावलं. डोळ्यांचा पडदा एकदा तपासून घ्या म्हणून चिठ्ठी दिली. 'आत्ता काही नसलं तरी नोंद असावी.' चिठ्ठी पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवलीय. सुट्टी बघून जाऊ.

४ ऑगस्ट, सोमवार

काल मोजलं, १३१.१! चौकटीवर पेन्सिलीने रेघ मारली. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी स्वयंपाकघराच्या दाराला पाठ लावून तिला उभं करते, डोक्यावर फूटपट्टी धरते.

आज घटक चाचणीचा गणिताचा पेपर अर्धा सोडून आली. डोकं फार दुखलं म्हणे, शाळेत उलटीही झाली. सकाळी दूध न पिता गेली होती, वर गणित. माझंही गणिताला असंच व्हायचं. संध्याकाळी वरणभात खाऊन शहाण्यासारखी झोपली.

तक्ता भरताना हात जरा थबकला. पण एका डोकेदुखीसाठी पुन्हा चोवीस दिवस? आत्ता, वाढ कुठे सुरू झालीय तेव्हा? निरंक.

२ सप्टेंबर, मंगळवार

गौरी जेवल्या. पुरणपोळ्या चांगल्या झाल्या, सासूबाईंनीसुद्धा नावं ठेवली नाहीत.

स्पृहाचं डोकं हल्ली सकाळी उठल्यावर दुखतं, दहा-अकरापर्यंत थांबतं. कानात ठोके ऐकू येतात म्हणते, देवळात लांबून ढोल वाजावा तसे. गणपतीचे दिवस, सोसायटीखाली पथकाचा सराव, ठोके ऐकू नाही येणार तर काय होणार? सासूबाई सुंठेचा लेप लावतात. काल माझ्यामागे लागल्या, पोरीला डोळ्यांच्या डॉक्टरकडे ने, ती माझा चेहरा निरखून बघते हल्ली. मी म्हटलं, तुमचा चेहरा आहेच बघण्यासारखा. त्या सुंठ उगाळायला आत गेल्या. मला जिंकल्यासारखं वाटलं, खोटं कशाला बोलू.

७ सप्टेंबर, रविवार

१३२.२!! एका वर्षात जेवढं वाढत नव्हती तेवढं दोन महिन्यांत वाढली. सगळ्या फ्रॉकच्या खालच्या दुमडी उसवल्या. इतका आनंद मला नोकरी लागली तेव्हाही झाला नव्हता. सलिलला म्हटलं, बघ. तो म्हणाला, तू बघतेयस ना सगळं, मग ठीकच असणार. चांगला माणूस आहे, पण घरात पाहुण्यासारखा राहतो.

११ सप्टेंबर, गुरुवार

दवाखान्यातून सिस्टरांचा फोन आला. डोस वाढवून दोन महिने झाले, डोकेदुखी, उलटी, काही त्रास? मी म्हटलं, काही नाही, छान चाललंय. स्पृहा शेजारीच मटार सोलत होती. तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा सोलायला लागली.

२१ सप्टेंबर, रविवार

फळ्यावरचं पुसट दिसतं म्हणाली म्हणून धायरी फाट्याच्या चष्म्याच्या दुकानात नेलं. त्याने मशीनवर तपासून अर्धा नंबर लागलाय सांगितलं. तरी सारखा मोबाईल नको म्हणत होते मी! गुलाबी फ्रेम घेतली. म्हणजे आता डोकेदुखीचं कारण सापडलं. पर्समधली ती चिठ्ठी आठवली, पण डोळे तपासून झाले की. पुन्हा वेगळे काय तपासायचे?

५ ऑक्टोबर, रविवार

१३३.२.

आज ती एक विचित्र बोलली. उठून उभी राहिली की दोन-तीन सेकंद सगळं काळं होतं, मग परत येतं, लाईट गेल्यासारखं. मलाही तरुणपणी चक्कर यायची, रक्त कमी होतं. बीट आणि खजूर सुरू केलाय. नव्या चष्म्याची सवय व्हायचीय, त्यामुळे धडपडते. परवा दसऱ्याला पानं वाटताना समोरच्या काकांच्या हाताऐवजी हवेतच पान सोडलं. सगळे हसले. धांदरट झालीय.

संध्याकाळी पेन काढलं तर म्हणाली, "आई, थोडे दिवस थांबवूया का?"

मी तिला जवळ घेतलं. म्हटलं, "एक वर्ष कळ काढ गं. मग जन्मभर कुणाकडे मान वर करून बघावं लागणार नाही."

तिने मुकाट्याने दंड पुढे केला. रकाना भरला. निरंक. खरं सांगायचं तर आज लिहिताना बरं वाटलं नाही. पण येत्या सोळा तारखेला मॅडमकडे जायचंच आहे, तेव्हा सांगेन. उंची बघून त्याही खूष असतील, लगेच बंद करणार नाहीत.

१३ ऑक्टोबर, सोमवार

शाळेतून फोन आला. स्पृहा जिन्याच्या चार पायऱ्या एकदम उतरली. पायऱ्या संपल्या असं तिला वाटलं. खरचटलं नाही फार. पण बाईंनी डावा डोळा झाकून उजव्याने बोटं मोजायला लावली, मग उजवा झाकून डाव्याने. डाव्याने तिला बाईच दिसल्या नाहीत.

मी तिला घेऊन तडक मॅडमकडे निघाले. रिक्षात तिचा हात धरून बसले होते आणि ती मला म्हणत होती, रडू नकोस, दुखत नाहीये.

मॅडम स्वतः उठून आमच्याबरोबर डोळ्यांच्या डॉक्टरांकडे आल्या. डोळ्यांच्या डॉक्टरांनी दिवा लावून आत पाहिलं आणि सांगितलं. मेंदूभोवतीच्या पाण्याचा दाब वाढलाय, डोळ्यांमागच्या नसा सुजल्यात, आजची सूज नाही ही. इंजेक्शन बंद. लगेच दाखल केलं, पाठीतून पाणी काढलं. किती दिवस त्रास होतोय, असं डॉक्टरांनी विचारलं. मी म्हटलं, आत्ता आत्ता.

देवा, मी तेव्हाही तेच म्हटलं.

२१ ऑक्टोबर, मंगळवार

लक्ष्मीपूजन. दवाखान्यात पणत्या लावू देत नाहीत. नसेवरचा दाब कमी करायला शनिवारी दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन झालं. वाचेल तेवढं वाचवायचं, गेलेलं परत येणार नाही, असं आधीच सांगितलं. डाव्या डोळ्याला फक्त उजेड-अंधार कळतो. उजव्याने समोरचं एवढंसं दिसतं, नळीतून बघावं तसं. कडेचं काही नाही.

मॅडम म्हणाल्या, हा त्रास क्वचित होतो आणि वेळेत कळला तर इंजेक्शन थांबवल्यावर बहुतेकदा बरा होतो. त्या मला दोष देत नव्हत्या, माहिती देत होत्या. दोष दिला असता तर बरं झालं असतं. निदान कुठे तरी मान खाली घालायला जागा मिळाली असती.

सलिल माझ्याशी बोलत नाही. तिच्याशी बोलतो, गोष्टी वाचून दाखवतो. बारा वर्षांत त्याने एक गोष्ट वाचून दाखवली नव्हती.

६ नोव्हेंबर, गुरुवार

औषधाने कुणाला असा अपाय झाला तर डॉक्टरांना वर कळवावं लागतं. त्याचा वेगळा फॉर्म असतो. मॅडमनी तो आज भरायला घेतला. स्पृहा माझ्या शेजारी, गडद चष्मा लावून. मॅडमनी आमच्या तक्त्यांची फाईल उघडली आणि एकेक पान उलटत गेल्या. मार्चपासून ऑक्टोबरपर्यंत. माझं अक्षर चांगलं आहे, सगळे म्हणतात. प्रत्येक पानावर खालपर्यंत तेच.

एका रकान्यात त्रास कधी सुरू झाला त्याची तारीख हवी होती. मी म्हटलं, साधारण सप्टेंबरच्या...

"चार ऑगस्ट," स्पृहा म्हणाली. "सोमवार होता. गणिताचा पेपर होता. मी आईला सांगितलं होतं."

आवाजात राग नव्हता. शाळेत उत्तर द्यावं तसं दिलं. मॅडमनी तारीख लिहिली. मग माझ्याकडे न बघता विचारलं, त्यानंतर कधी कधी, काय काय? मी पर्समधून ही डायरी काढली आणि टेबलावर ठेवली. त्याच कप्प्यात ती डोळे तपासायची चिठ्ठी होती, घडीसुद्धा न मोडलेली. तीही ठेवली. मॅडमनी डायरी वाचायला घेतली आणि मी भिंतीवरच्या वाढीच्या आलेखाकडे बघत बसले. अर्धा तास झाला असेल. वाचून झाल्यावर त्या म्हणाल्या, "अस्मिताताई, फोन केला असता तर मी ओरडले नसते हो."

मी सगळं लिहून ठेवलं होतं. एकूण एक. फक्त जिथे लिहायचं तिथे नाही.

२४ नोव्हेंबर, सोमवार

शाळा सुरू झाली. सासूबाई सोडायला जातात. मी गेटपर्यंतच जाते, बाईंच्या समोर उभं राहवत नाही. वर्गात आता दोघी जणी स्पृहाहून बुटक्या आहेत. म्हणजे ती रांगेत तिसरी असायला हवी. पण बाईंनी तिला पहिलं उभं केलंय, म्हणजे ती पुढच्या कुणावर धडकणार नाही आणि पहिल्या बाकावर नेऊन बसवता येईल. गेटमधून बघितलं. शेजारी उभ्या मैत्रिणीच्या खांद्यावर हात ठेवून उभी होती. पुढे कोणी नव्हतं.

घरी येऊन मोरीचा नळ सोडून रडले. मला मेलेलं बरं असं वाटतं, पण मेले तर तिला सकाळी कपडे कोण काढून देईल, म्हणून तेही नाही.

ऑफिसात महिन्याची माहिती भरायला आली होती. पेन उचललं आणि तो शब्द लिहिता येईना. शेजारच्या बाईंना दिली भरायला.

७ डिसेंबर, रविवार

महिन्याचा पहिला रविवार. मी विसरायचं ठरवलं होतं. नोव्हेंबरात मोजलंच नव्हतं. पण नाश्ता झाल्यावर स्पृहा आपणहून चाचपडत स्वयंपाकघराच्या दाराशी गेली आणि चौकटीला पाठ लावून उभी राहिली. टाचा टेकवल्या, हनुवटी सरळ, मी शिकवलं होतं तशी.

म्हणाली, "मोज ना."

मी म्हटलं, राहू दे गं आता, कशाला? ती हलली नाही. मग फूटपट्टी आणली, तिच्या डोक्यावर ठेवली, पेन्सिलीने रेघ मारली. रेघेखाली जानेवारीपासूनच्या सगळ्या रेघा होत्या, शेजारी माझं सुवाच्य अक्षर. टेप धरली. माझ्या डोळ्यांतून पाणी गळत होतं, आकडा दोनदा वाचावा लागला.

"किती?"

"एकशे तेहतीस पूर्णांक आठ."

"लिहिलंस?"

"लिहिलं."

"खरं लिहिलंस ना?"

मी हो म्हटलं. तिने वळून चौकटीवर बोट फिरवलं. पेन्सिलीची रेघ बोटाला लागत नाही. चेहरा लाकडाला टेकेपर्यंत जवळ नेला, उजवा डोळा बारीक केला, मान इकडे-तिकडे करून पाहिली. मग सरळ उभी राहिली आणि बाहेरच्या खोलीकडे तोंड करून तिने आजीला हाक मारली, की आजी, जरा ये आणि इथे किती लिहिलंय ते मला वाचून दाखव.